ॲलिस स्प्रिंग्ज ते बर्ड्सव्हिल: नकाशावर ५९७ किलोमीटर, पण विमानाला नेमका वेळ किती लागतो?

सातारकर

नमस्कार. मी ऑस्ट्रेलियात ॲडलेडमध्ये राहतो आणि माझे वडील सध्या साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली, तरी कोणत्याही दोन गावांची नावे कानावर पडली की मधले किलोमीटर किती आणि धावण्याची वेळ किती, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जुलैमध्ये आम्ही ॲलिस स्प्रिंग्जला जाणार आहोत हे कळल्यावर त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढला, पूर्वेकडे बोट सरकवत नेले आणि पूर्ण मोकळ्या जागेनंतर येणाऱ्या बर्ड्सव्हिल या नावावर ते थांबवले. आता त्यांना तेथे जायचे आहे.

दोन ठिकाणांमधले अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मी ही दोन्ही नावे घातली. उत्तर आले: अंतर ५९७ किलोमीटर, विमानाचा वेळ १ तास १५ मिनिटे. मी तसे वडिलांना सांगितले. त्यांनी लगेच विचारले, "गाडी कुठली, सुटते किती वाजता?" तेव्हापासून मी विमानाची फेरी शोधतो आहे आणि मला एकही सापडलेली नाही. रस्त्याचे अंतर पाहिले तर ते जवळजवळ दुप्पट निघते. तेव्हा माझे प्रश्न असे: हे ५९७ किलोमीटर बरोबर आहेत का, सव्वा तास कोणत्या विमानाचा, आणि एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या, तब्येतीने खणखणीत माणसाला घेऊन प्रत्यक्षात हा प्रवास कसा व किती वेळात करता येईल?

अक्षांश

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ॲलिस स्प्रिंग्जचा विमानतळ साधारण २३.८ अंश दक्षिण आणि १३३.९ अंश पूर्व येथे आहे, तर बर्ड्सव्हिलची धावपट्टी २५.९ अंश दक्षिण आणि १३९.३५ अंश पूर्व येथे. म्हणजे दक्षिणेकडे सुमारे २३० किलोमीटर आणि पूर्वेकडे सुमारे ५५० किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण काढला की ५९७ येतात. एवढ्या लहान अंतरात पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे शाळेतल्या पायथागोरसावर येथे निर्धास्तपणे विसंबता येते.

वडिलांना समजावताना एक तुलना उपयोगी पडेल. मुंबई ते हैदराबाद हे हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आहे आणि योगायोगाने दिशाही तीच आहे, पूर्वेकडे जाता जाता थोडे दक्षिणेला. म्हणजे मुंबईच्या जागी ॲलिस आणि हैदराबादच्या जागी बर्ड्सव्हिल ठेवले तर आकृती जवळजवळ जुळते. फरक एवढाच, की मुंबई आणि हैदराबाद यांच्या मधल्या रेषेजवळ पुणे येते, सोलापूर येते, उसाचे मळे, साखर कारखाने आणि शेकडो गावे येतात. येथे ॲलिसपासून ऐंशीएक किलोमीटरवर सांता तेरेसा ही आदिवासी वस्ती, जिचे मूळ नाव ल्येंत्ये अपुर्ते, ती रेषेच्या आसपास येते, आणि त्यानंतर सिम्प्सन वाळवंट सुरू होते ते जवळजवळ बर्ड्सव्हिलच्या वेशीपर्यंत. दुसऱ्या टोकाला हैदराबाद नाही, तर शे-सव्वाशे वस्तीचे एक गाव आहे. सव्वा तासाची फेरी का सापडत नाही याचे अर्धे उत्तर यातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्या संकेतस्थळाच्या हिशेबात आहे. अशी संकेतस्थळे बहुधा ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर, हा मोठ्या जेट विमानाचा वेग धरतात आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवतात. ५९७ भागिले ८०५ म्हणजे ४५ मिनिटे, अधिक ३०, झाला सव्वा तास. हा वेळ कोणत्याही विमानाचा नाही, तो एका भागाकाराचा आहे. दिल्ली आणि मुंबई यांच्या बाबतीत तो भागाकार वस्तुस्थितीच्या जवळ जातो, कारण तेथे खरोखरच तसली विमाने उडतात.

धूळवाट

रस्त्याबद्दल मी लिहितो, कारण मी तो दोन वेळा केला आहे, एकदा हौसेने आणि एकदा परत यायचे म्हणून.

ॲलिसहून बर्ड्सव्हिलला जायचे तर वाळवंटाला वळसा घालावा लागतो. उत्तरेकडचा वळसा असा: स्टुअर्ट महामार्गाने ६८ किलोमीटर उत्तरेला जायचे, वाटेत मकरवृत्त ओलांडायचे, मग उजवीकडे प्लेंटी महामार्गाला लागायचे. महामार्ग हे नाव ऐकून फसू नका. सुरुवातीचा भाग डांबरी आहे, पुढे कच्चा रस्ता. क्वीन्सलंडच्या हद्दीपर्यंत हा ४९८ किलोमीटर चालतो, पुढे त्याचेच नाव डोनोह्यू महामार्ग होते आणि आणखी सुमारे २४७ किलोमीटरनंतर बोलिया येते. तेथपर्यंत ८१३ किलोमीटर झालेले असतात. बोलियाहून दक्षिणेला बेडूरी आणि बेडूरीहून बर्ड्सव्हिल मिळून आणखी ३९० किलोमीटर. एकूण सुमारे १,२००. म्हणजे आपण म्हणता तसे बरोबर दुप्पट.

यात तीन मुक्काम धरावेत. दोन मुक्कामांत होते, मीही पहिल्या वेळी तसेच केले, पण सूर्यास्तानंतर त्या रस्त्यावर कांगारू आणि मोकाट गुरे यांचेच राज्य असते, त्यामुळे दिवसाचे चालवण्याचे तास आपोआप कमी होतात. शिवाय टाल्कसारखी बारीक धूळ खड्ड्यांत अशी भरून राहते की रस्ता सपाट दिसतो आणि चाक आत गेल्यावरच खड्डा समजतो. समोरून त्रेपन्न मीटर लांबीचा रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक डबे जोडलेला मालट्रक, आला, तर त्याच्यामागचा धुरळा बसेपर्यंत बाजूला उभे राहणे एवढेच हातात असते. वडील एस.टी.तले आहेत म्हणून सांगतो: एस.टी.च्या सुमारे पाच गाड्या एकामागे एक जोडल्या तर जी लांबी होईल, ती एका चालकाच्या हाती असते.

दक्षिणेकडचाही वळसा आहे. स्टुअर्ट महामार्गाने मार्लापर्यंत सुमारे ४५५ किलोमीटर, तेथून उडनडाटा वाटेने मारी आणि मारीहून ५१७ किलोमीटरची प्रसिद्ध बर्ड्सव्हिल वाट. हा सगळा मिळून १,६०० किलोमीटरच्या घरात जातो. आपण ॲडलेडचे असल्यामुळे हे लक्षात घ्या, की बर्ड्सव्हिल वाट आपल्याला ॲलिसला न जाताही करता येते, आणि केवळ बर्ड्सव्हिल पाहायचे असेल तर तेच शहाणपणाचे ठरेल.

सरळ वाळवंटातून जाणारी वाट आहे का, असे वडील नक्की विचारतील. आहे. १९६० च्या दशकात तेलाचा शोध घेणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने आखलेली फ्रेंच लाइन या नावाची वाट वाळवंटाच्या पश्चिम कडेच्या माउंट डेअरच्या बाजूने बर्ड्सव्हिलकडे जाते. तिच्यावर वाळूच्या अकराशेच्या आसपास टेकड्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. त्या साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय दिशेत समांतर पसरलेल्या आहेत. त्यांचा पश्चिमेकडचा उतार सौम्य आणि पूर्वेकडचा उभा असतो, म्हणून जाणकार पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. शेवटची मोठी टेकडी, बिग रेड, बर्ड्सव्हिलपासून ३५ किलोमीटरवर आणि सुमारे ४० मीटर उंच आहे. यासाठी पूर्ण तयारीची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, सोबत दुसरी गाडी, चार-पाच दिवसांचे पाणी व इंधन आणि परवाना लागतो. १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात वाळवंटातले राष्ट्रीय उद्यान बंदच असते. पाठीच्या मणक्यांवर माया असेल तर वडिलांना यात नेऊ नका.

पंखा

मी छंद म्हणून लहान विमाने चालवतो, त्यामुळे वेळेच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

५९७ किलोमीटर म्हणजे ३२२ सागरी मैल. सेसना १७२ हे चार आसनांचे, उड्डाण शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेत दिसणारे विमान, शांत हवेत ११५ नॉटच्या आसपास चालते (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). वारा नसेल तर २ तास ४८ मिनिटे. सेसना २१० हे त्याचे मोठे भावंड १६० नॉटने दोन तासांत पोहोचते. पिलाटस पीसी-१२, म्हणजे एका टर्बाइन इंजिनाचे आणि विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेमुळे या भागात सगळ्यांच्या ओळखीचे विमान, २६० नॉटने सव्वा तासात जाते, आणि वर चढणे व खाली येणे यांची दहा मिनिटे धरली तर १ तास २५ मिनिटे. गंमत अशी, की त्या संकेतस्थळाचा चुकीच्या विमानावर बेतलेला सव्वा तास या एका बरोबर विमानाच्या जवळपास येऊन पडतो.

पण वारा नाही असा दिवस कागदावरच असतो. जुलैमध्ये जमिनीलगतच्या थरात मध्य ऑस्ट्रेलियावर बहुधा आग्नेयेकडून वारा वाहतो, आणि आपली दिशा नेमकी पूर्व-आग्नेय आहे. समजा, समोरचा वारा २० नॉट आहे. मग सेसना १७२ चा जमिनीवरून मोजलेला वेग ९५ नॉट उरतो आणि वेळ ३ तास २३ मिनिटे होतो. परतताना तोच वारा पाठीशी घेऊन १३५ नॉटने २ तास २३ मिनिटे. येथे पुष्कळांचा समज असतो की जाताना गेलेले येताना मिळाले, फिटंफाट झाली. तसे होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन ५ तास ३६ मिनिटे लागली असती, आता ५ तास ४६ मिनिटे लागली. समोरच्या वाऱ्यात आपण अधिक काळ राहतो आणि पाठच्या वाऱ्यात कमी काळ, म्हणून तोटा नेहमी प्रवाशाचाच.

याहून महत्त्वाची गोष्ट परत फिरण्याची आहे. सांता तेरेसानंतर मध्ये कोठेही उतरता येण्याजोगे गाव नाही, त्यामुळे काही बिघडले तर पुढे जावे की मागे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. निम्मे अंतर २९८ किलोमीटरवर संपते, पण २० नॉटच्या समोरच्या वाऱ्यात पुढे जाण्याचा आणि मागे फिरण्याचा वेळ जेथे समान होतो तो बिंदू ॲलिसपासून ३५० किलोमीटरवर असतो. त्याच्या आधी मागे फिरणे लवकर होते, त्याच्या नंतर पुढे जाणे. नकाशावर ही खूण करून ठेवल्याशिवाय मी या मार्गावर निघणार नाही. जुन्या सेसना १७२ च्या टाकीत साधारण साडेचार तासांचे इंधन मावते आणि चार मोठी माणसे बसली तर वजनामुळे टाकी पूर्ण भरता येत नाही. ३ तास २३ मिनिटे उड्डाण, त्यात वर चढण्याचा जादा खर्च आणि शेवटचा राखीव साठा मिळवला की हाताशी फारसे काही उरत नाही. म्हणून अशा विमानातून मी स्वतः उत्तरेकडची रस्त्याची बाजू धरेन, म्हणजे बोलियापर्यंत ६२१ किलोमीटर आणि तेथे थांबून पुढे ३३५ किलोमीटर. शांत हवेतही हे एकूण साडेचार तासांचे उड्डाण होते, पण खाली सतत रस्ता असतो, गुरे पाळण्याची मोठमोठी ठाणी असतात आणि बहुतेकांना आपापली धावपट्टी असते.

निर्जन प्रदेशाच्या नियमांप्रमाणे जगण्यापुरते साहित्य, पाणी आणि आपला ठावठिकाणा कळवणारा आपत्कालीन बीकन सोबत लागतात. निघायचे ते सकाळी लवकर, कारण दुपारी तापलेल्या वाळूवरची हवा लहान विमानाला खड्ड्यांतल्या जीपसारखे हलवते. परवाना नसलेल्यांनी अर्थातच ॲलिसहून वैमानिकासह चार्टर विमान ठरवावे. तेथे इंजिनाच्या प्रकारावरून दर आणि वेळ दोन्ही ठरतात, म्हणून चौकशी करताना "किती वेळ लागेल" याच्या आधी "विमान कोणते" हे विचारावे.

सातारकर

सर्वांचे आभार. वडिलांनी सगळे उत्तर मोठ्याने वाचून घेतले. "समान वेळेचा बिंदू" त्यांना फार आवडला. घाटात गाडी बंद पडली की खालच्या डेपोतून मदत मागवायची की वरच्या, याचा असाच आडाखा त्यांच्याकडे असे. रस्त्याचा विचार आम्ही सोडला आहे, कारण आमची गाडी साधी आहे. त्यांचा एकच हट्ट उरला आहे: ठरलेल्या वेळापत्रकाची, तिकीट काढून बसण्याची फेरी खरोखर नाहीच का? चार्टर म्हणजे त्यांच्या लेखी एस.टी.चा प्रासंगिक करार (अख्खी गाडी भाड्याने), आणि प्रासंगिक कराराला ते प्रवास मानत नाहीत.

टपालवाला

आपल्या वडिलांच्या बाजूने मी बोलतो. बर्ड्सव्हिलला वेळापत्रकाची फेरी आहे, फक्त ती ॲलिसकडून नाही. ब्रिस्बेनहून निघून टूवूम्बा, चार्लव्हिल, क्विल्पी, विंडोरा, बर्ड्सव्हिल, बेडूरी आणि बोलिया असे थांबे घेत विमान माउंट आयझाला जाते आणि तसेच परत येते. क्वीन्सलंड सरकार या मार्गाला अनुदान देते, कारण प्रवाशांच्या तिकिटावर तो कधीच चालणार नाही. २०१५ पासून हा मार्ग रेक्स या कंपनीकडे आहे, विमान साब ३४०, दोन पंख्यांचे, ३४ आसनांचे, आणि फेऱ्या आठवड्यातून दोन. जुलै २०२४ मध्ये आर्थिक अडचणीमुळे कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, तेव्हाही तिच्या प्रादेशिक फेऱ्या चालू राहिल्या. एस.टी.च्या माणसाला ही रचना नवी वाटणार नाही: तोट्यातला मार्ग, तरी बंद करता येत नाही, कारण शेवटच्या थांब्यावरच्या माणसांना दुसरे काही नाही. दायमंतिना नदीला पूर आला की बर्ड्सव्हिलचे रस्ते आठवडेच्या आठवडे बंद राहतात. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिम क्वीन्सलंडमध्ये महापूर आला, तेव्हा त्या भागातल्या कित्येक वस्त्यांना आकाशाचीच वाट उरली होती.

आता या फेरीने ॲलिसहून जायचे म्हटले तर पाहा काय होते. ॲलिसहून ब्रिस्बेन सुमारे १,९६० किलोमीटर, ते विमान जेट, तीन तासांच्या आसपास. मग ब्रिस्बेनहून मागे बर्ड्सव्हिल १,३८० किलोमीटर, चार ठिकाणी उतरून व पुन्हा चढून, म्हणजे दिवसाचा मोठा भाग त्यातच. एकूण हवाई अंतर ३,३४० किलोमीटर, ५९७ च्या साडेपाचपट. ॲलिस-ब्रिस्बेन ही सरळ रेषा बर्ड्सव्हिलच्या उत्तरेने, शंभरेक किलोमीटरच्या आतून जाते. म्हणजे आपण आपल्या गावाच्या डोक्यावरून जायचे, समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचायचे आणि तेथून परत फिरून यायचे. फेऱ्यांचे वार जुळले नाहीत तर ब्रिस्बेनमध्ये दोन-तीन दिवस मुक्काम. माझ्या मते अंतर मोजण्याचे खरे माप हेच आहे, की दोन ठिकाणांमध्ये आठवड्यातून किती वेळा काही जाते. त्या मापाने ॲलिसहून बर्ड्सव्हिल सिंगापूरपेक्षा दूर पडते.

थांबे घेत जाणाऱ्या या विमानांचा वंश जुना आहे, हेही वडिलांना सांगा. क्वांटास ही कंपनी १९२० मध्ये याच क्वीन्सलंडच्या आतल्या भागात, विंटन येथे नोंदली गेली आणि तिची पहिली नियमित टपाल-प्रवासी फेरी २ नोव्हेंबर १९२२ रोजी चार्लव्हिलहून क्लॉनकरीकडे निघाली. सुमारे ९२० किलोमीटरला दोन दिवस लागले, मध्ये लाँगरीचला रात्रीचा मुक्काम. लाँगरीचहून बसलेले पहिले प्रवासी अलेक्झांडर केनेडी तेव्हा ८४ वर्षांचे होते, म्हणजे आपले वडील त्या मानाने तरुणच. त्याच क्लॉनकरीतून १९२८ च्या मे महिन्यात जॉन फ्लिन यांची फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू झाली. बर्ड्सव्हिलला मात्र टपाल पुष्कळ वर्षे जमिनीवरूनच येत राहिले. १९३६ पासून टपाल नेणारे टॉम क्रूझ (सिनेमातले नव्हेत) मारीहून ट्रक घेऊन निघत आणि वाळूत लोखंडी पत्रे अंथरून, चाके सोडवून, पुन्हा अंथरून, तीच वाट काढत जी धूळवाट यांनी वर ५१७ किलोमीटर म्हणून एका वाक्यात सांगितली.

वेळापत्रकाच्या माणसासाठी एक सूचना. ॲलिस नॉर्दर्न टेरिटरीत आहे, तेथील घड्याळ भारताच्या बरोबर चार तास पुढे. बर्ड्सव्हिल क्वीन्सलंडमध्ये आहे, भारताच्या साडेचार तास पुढे. चार्टर विमान ॲलिसहून सकाळी ८ वाजता निघून १ तास २५ मिनिटांत पोहोचले, तर बर्ड्सव्हिलच्या घड्याळात ९ वाजून ५५ मिनिटे झालेली असतील. दुपारी २ वाजता परत निघाल्यास ॲलिसला २ वाजून ५५ मिनिटांनी उतराल. वेळापत्रक नुसते वाचणाऱ्याला जाताना १ तास ५५ मिनिटे आणि येताना ५५ मिनिटे दिसतील, आणि तो सारा दोष वाऱ्याला देईल.

अक्षांश

वरच्या मुद्द्याला एक छोटी पुस्ती. दोन्ही गावांच्या रेखांशांत ५.४५ अंशांचा फरक आहे आणि दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने खरा फरक २२ मिनिटांचा आहे. घड्याळ अर्धा तास पुढे जाते, सूर्य २२ मिनिटे. म्हणून संध्याकाळी पूर्वेकडे उडणाऱ्याला अंधार त्याच्या मनातल्या हिशेबाआधी गाठतो. दृष्टीवर विसंबून उडणाऱ्या विमानाला ऑस्ट्रेलियात शेवटच्या उजेडाच्या किमान दहा मिनिटे आधी उतरावे लागते, तेव्हा दुपारी उशिरा निघण्याचा विचार करणाऱ्याने या २२ मिनिटांना विसरू नये. बर्ड्सव्हिल साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीपासून दहा-बारा किलोमीटरवरच आहे, आणि उन्हाळ्यात त्या राज्यात घड्याळे एक तास पुढे करतात, क्वीन्सलंड व टेरिटरीत करत नाहीत. त्यामुळे डिसेंबरात त्या भागात तीन वेगवेगळ्या वेळा चालू असतात. जुलैमध्ये तुमचे ॲडलेड आणि ॲलिस एकाच वेळेवर असतील, एवढा दिलासा आहे.

पंखा

टपालवाला यांच्या ५५ मिनिटांना मला हरकत घ्यावी लागेल. घड्याळाचे गणित बरोबर आहे, पण पीसी-१२ उंचावरून उडते, आणि वर लिहिलेला आग्नेय वारा हा खालच्या थरातला आहे. हिवाळ्यात सात-साडेसात किलोमीटर उंचीवर त्याच प्रदेशावरून जोरदार पश्चिमी वारे वाहतात. ६० नॉट म्हणजे काही विशेष नाही. आपल्या दिशेत त्यांपैकी ५५ नॉटचा फायदा मिळतो. मग जातानाचा वेग ३१५ नॉट होऊन उड्डाण तासाभराचे, चढ-उतार धरून १ तास १० मिनिटे. येताना वेग २०५ नॉट आणि एकूण १ तास ४५ मिनिटे. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने जाताना १ तास ४० मिनिटे आणि येताना १ तास १५ मिनिटे दिसतील. जाताना झटपट गेलेले विमान वेळापत्रकात रेंगाळलेले दिसेल आणि येताना झुंजत आलेले विमान वेगवान दिसेल.

यातून आणखी एक गोष्ट निघते. त्याच सकाळी सेसना आणि पिलाटस एकत्र निघाले तर एकाला वारा समोरून असेल आणि दुसऱ्याला पाठीमागून. म्हणून "आज वारा कसा आहे" या प्रश्नाला, किती उंचीवर, हा प्रतिप्रश्न केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

सातारकर

निर्णय झाला, तो येथे कळवतो. ॲलिसहून चार्टरच करतो आहोत, पण वडिलांच्या अटीवर. त्यांनी कागदावर दोन रकान्यांचे वेळापत्रक आखले आहे, एक ॲलिसच्या वेळेचे, एक बर्ड्सव्हिलच्या, आणि वैमानिकाने दोन्ही ठिकाणच्या वेळा त्यात स्वतःच्या हाताने भरून सही करायची आहे. तसे झाले म्हणजे तो प्रासंगिक करार राहत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. चौकशीत दोन पर्याय मिळाले: सेसना २१०, दोन तासांपेक्षा थोडे जास्त, आणि पीसी-१२, बराच महाग. वडिलांनी हळू जाणारे निवडले. पैशांसाठी नव्हे, तर खालून उडते म्हणून. साडेसात किलोमीटरवरून अकराशे टेकड्या मोजता येणार नाहीत, असे ते म्हणाले. सकाळी साडेसातला सुटायचे ठरले आहे, दुपारी बर्ड्सव्हिलमध्ये जेवण, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

शेवटची शंका त्यांची आहे. खिडकी कोणत्या बाजूची धरावी?

पंखा

उजवी. जुलैच्या सकाळी सूर्य ईशान्येला असतो आणि आपण पूर्व-आग्नेयेला तोंड करून जाणार, त्यामुळे डाव्या बाजूच्या काचेवर ऊन असेल. सेसनाचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचे काही झाकले जात नाही. टेकड्यांच्या रांगा आपल्या मार्गाला तिरप्या छेदतात, म्हणजे एकेक रांग खालून सरकताना मोजता येईल. सकाळच्या तिरप्या उन्हात उभी पूर्व बाजू उजळलेली आणि सौम्य पश्चिम बाजू सावलीत असते, तेव्हा रांगा स्पष्ट वेगळ्या दिसतात. आपला सरळ मार्ग फ्रेंच लाइनच्या उत्तरेने जातो, म्हणून आकडा अकराशेशी जुळला नाही तर वडिलांनी मोजणीत चूक झाली असे समजू नये. परतताना सूर्य पुन्हा उत्तरेच्याच अंगाला असेल, तेव्हा त्यांना डावीकडे बसवा.

धूळवाट

आणि बर्ड्सव्हिलला उतरल्यावर वाहनाची चिंता करू नका. धावपट्टीवरून निघून रस्ता ओलांडला की समोर १८८४ चे हॉटेल आहे. हे अंतर वडील पायीच मोजतील.